सव्वा सूत

अर्ध्या गोठ्यात म्हैस, अर्ध्या गोठ्यात मी.
मधे पत्र्याचा जुना फलक आडवा,
त्यावरच्या पुढाऱ्याचा आता फक्त कान उरलाय आणि फेटा.
फेट्याला खिळे मारून मी पाने टांगतो:
दहा-अकरा, बारा-तेरा, सतरा.
चौदाचा हरवलाय.
पाखरीच्या वैरणीत सापडेल कधीतरी.

करिझ्मा आणली शिये फाट्यावरनं.
पुढचा अख्खा मुखवटा फुटलेला;
मालक वाचला, पण परत बसणार नाही म्हणाला.
टेम्पोत चढवताना इरफान बागवाननं विचारलं,
"नवा मुखवटा कुठला घालायचा?"
म्हटलं, घालायचा नाही.
आहे तोही काढायचाय.

प्लॅस्टिक निघालं, तशी आत सापडली
उंदरानं कुरतडलेली हिरवी वायर,
उसाच्या पाचटाचा चुरा,
कुणाच्या तरी लग्नाची अक्षता, दोन दाणे.
आणि चेसिस.
हौद्यात उतरणाऱ्या गड्याचं असतं तसं:
कपडे काढल्यावरच कळतं
कोण भरलाय, कोण नुसता फुगलाय.

मागची सबफ्रेम कापली,
दोन इंच वर उचलून टाचली.
हँडल रुंद हवं, खांद्यांएवढं, सरळ.
त्याला वरचा क्लॅम्प नवा लागतो.
पुण्याहून येतो कुरिअरनं, चार हजार.
खाटेवरनं बाबा म्हणाले, "माप आण."

छत्तीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत पॅटर्न केले त्यांनी.
आता उजव्या हाताला कंप,
चहा निम्मा बशीत, निम्मा गुडघ्यावर.
पण सागवानाचा ठोकळा मांडीवर घेतला
आणि पटाशी लावली की
हात जणू आधी विचार करतो, मग थरथरतो.
"बीड गार होताना फुटामागं एक सूत आकसतं,
अल्युमिनियम सव्वा.
म्हणून लाकूड आधीच मोठं धरायचं.
जे आकसणार, त्याला जागा आधी द्यायची."
एवढं सलग ते दोन वर्षांत बोलले नव्हते.
मी नुसता ऐकत राहिलो,
हातातला कानस तसाच.

पहिलं ओतीव बुडबुड्यांनी भरलेलं. मोडीत.
दुसरं तडकलं.
तिसरं उद्यमनगरात कट्टींच्या लेथवर चढलं,
आणि चंदेरी कीस निघाला लांबच्या लांब,
न तुटता.

आईचं मात्र एकच:
"तू ग्राइंडर लावलास की म्हैस पान्हा चोरती.
गंगावेशीत कट्ट्यावर लोक गिलास घेऊन उभे,
त्यांना काय तुझा कीस पाजू?
मी झोपतो आता, बंद कर ते."
मग धारेच्या वेळा सोडून घासत बसलो,
पहाटे तीनला, दुपारी एकला,
शेजारच्या सुतार काकूंच्या शिव्या वेगळ्या.

वायरिंगला दोन महिने गेले. त्यावर काही लिहीत नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, तिन्हीसांजेला,
सायलेन्सरशिवाय,
चौथ्या बटणाला ती पेटली.
पत्रा वाजला, पुढाऱ्याचा कान हलला,
फेट्यावरचे पाने एकामागनं एक खाली.
बाबा भिंत धरत आले
आणि क्लॅम्पवर तळवा ठेवला.
हात थरथरत होता, क्लॅम्पही;
कोण कुणाला हलवतंय, कळेना.
त्यांनी काढला नाही हात,
चांगला तापेपर्यंत.

पाखरी दावं तोडंल असं वाटलेलं.
तिनं रवंथ थांबवला, कान पुढं केले. बस्स.

पाडव्याला सगर.
शिंगं तांबडी, गळ्यात गोंडे, कपाळावर मोरपीस,
सगळ्यांच्या पुढं सगळ्यांच्या गाड्या फडफडतायत,
आणि पाखरी, आयुष्यात कधी न पळालेली,
बरोबर माझ्याच आवाजामागं.
आरशात बघावं म्हटलं,
तर आरसे मी लावलेच नव्हते.
खुरांवरनंच ओळखलं.

त्या संध्याकाळी पाऊण लिटर जास्त निघालं.
आईनं चरवी दोनदा बघितली, मग गाडीकडं.
"उद्यापासनं धार काढताना
चालूच ठेव की जरा ते."